यजमान कुटुंबात राहून इंग्रजी शिकायचं असेल तर: मानेवाड्याच्या एका वडिलांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी 22 वर्षांची, बीकॉम झालेली, दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी वाचता येतं, ऐकलेलं बरंचसं कळतं, पण मिहान या नागपूरच्या उद्योगक्षेत्रातल्या कंपनीच्या मुलाखतीत दोन वाक्यांनंतर गप्प होते. एजंटनं इंग्लंडमधला 12 आठवड्यांचा कोर्स सुचवलाय, राहायचं तिथल्या ‘होस्ट फॅमिली’कडे. एजंट म्हणतो, घरच्या पोरीसारखं ठेवतात आणि तीन महिन्यांत फाडफाड बोलायला लागते. घर शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. वडील विचारतात की पैसे वसूल होतील का, परक्या घरात मुलगी सुरक्षित राहील का, खाण्याचं काय, आणि तिची आई म्हणते तसं मैत्रिणीला सोबत पाठवावं का.

मी नागपुरात बरीच वर्षं इंग्रजी शिकवतो आणि परदेशी भाषाशाळांत जाणाऱ्या मुलांची तयारी करून घेतो. तुमच्या मुलीसारखी मुलं माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात, म्हणून जरा मोकळेपणानंच लिहितो.

आधी ‘घरच्या पोरीसारखं’ हे डोक्यातून काढा. यजमान कुटुंब पैसे घेऊन खोली आणि जेवण देतं. आपल्याकडे त्रिमूर्तीनगरात एखाद्या काकू दोन मुली पेइंग गेस्ट ठेवतात, तसाच हा व्यवहार. ब्रिटनमध्ये स्वतःच्या राहत्या घरातली खोली भाड्यानं दिली तर वर्षाला 7,500 पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, आणि कितीतरी यजमान या सवलतीतच बसतात. कुणाची मुलं मोठी होऊन बाहेर पडलेली असतात, कुणी निवृत्त जोडपं असतं, कुणी एकटी आई घराचा हप्ता भागवत असते. त्यांना पैसे हवे असतात यात वाईट काही नाही. चांगले यजमान पैसेही घेतात आणि आपुलकीनंही वागतात. पण आपुलकी करारात लिहिलेली नसते. करारात असते खोली, सकाळचा नाश्ता, रात्रीचं जेवण, आठवड्याला चादर बदलणं आणि कपडे धुण्याची सोय.

मग त्या घरात राहून मिळतं काय? रात्रीच्या जेवणाचं टेबल. बाकी सगळं हॉस्टेलातही मिळतं. वर्गात शिक्षक तुमच्या मुलीला समजेल असं सावकाश बोलतो, आणि शेजारी बसलेले तुर्की, ब्राझिली, जपानी विद्यार्थी तिच्यासारखंच अडखळत बोलतात. टेबलावर मात्र यजमानीण स्वतःच्या वेगानं, अर्धी वाक्यं गिळत, बसच्या संपाबद्दल नाहीतर शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल बोलते आणि उत्तराची वाट बघते. त्या पाऊण तासासाठी तुम्ही पैसे मोजताय असं धरून चाला. घर निवडणं, खाणं, मैत्रीण, घरून येणारे फोन, सगळे निर्णय एकाच प्रश्नावर घासून बघा: यानं तो पाऊण तास वाढेल की बुडेल?

आता तीन महिन्यांत फाडफाड या दाव्याकडे येऊ. माहितीपत्रकात ‘आठवड्याला 20 लेसन’ लिहिलेलं असतं. लेसन म्हणजे तास नव्हे, बहुतेक शाळांत तो 45 किंवा 50 मिनिटांचा असतो. 45 धरले तर आठवड्याला 15 तास, 12 आठवड्यांत 180 तास. भाषेच्या युरोपीय मोजपट्टीत ए1 (सगळ्यात खालची) ते सी2 (सगळ्यात वरची) अशा सहा पातळ्या आहेत, आणि इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजच्या अंदाजानुसार बी1 गाठायला सुरुवातीपासून एकूण 350 ते 400, बी2 गाठायला 500 ते 600 तासांचं शिक्षण लागतं. म्हणजे 180 तासांत साधारण एक पातळी सरकते, तीही रोज वर्गात बसलं तर. तुमची मुलगी आज ए2 ला असेल तर बी1 होऊन येईल, म्हणजे बसच्या थांब्यावर, दुकानात, ओळखीच्या माणसाशी बोलता येईल. मुलाखतीत ‘तुमच्या आधीच्या कामातली एखादी अडचण सांगा’ या प्रश्नाला सलग उत्तर द्यायला बी2 लागतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: बी1 झाल्याशिवाय पाठवू नका. ए2 घेऊन टेबलावर बसलेल्या मुलीला पहिला आठवडा यजमानीण हौसेनं विचारते, दुसऱ्या आठवड्यात थकते, आणि तिसऱ्यापासून दोघी टीव्हीकडे बघत जेवतात. ए2 ते बी1 चं काम नागपुरात फार कमी पैशांत होतं. आपली एक खास अडचण तेवढी आहे. आपण नागपूरकर अनोळखी माणसाशी चटकन हिंदीवर जातो. ऑटोवाला असो, सीताबर्डीवरचा दुकानदार असो नाहीतर बँकेतला कारकून, तोंडातून आधी हिंदी निघते. त्यामुळे मुलीला अडकल्यावर पळायला जवळ दोन भाषा असतात. जाण्याआधीचे चार-सहा महिने रोज अर्धा तास असा जोडीदार शोधा, ज्याच्याशी फक्त इंग्रजीतच बोलायचं. बरोबर बोलणं नंतर बघू. अडकल्यावर इंग्रजीतच वाट काढायची सवय लागली की पुरे.

व्हिसाचं लवकर उरकतो. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपर्यंतचा कोर्स स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर करता येतो, मात्र शाळा मान्यताप्राप्त हवी. सहा ते अकरा महिन्यांच्या निव्वळ इंग्रजी कोर्ससाठी वेगळा शॉर्ट टर्म स्टडी व्हिसा आहे. दोन्हींवर नोकरी करता येत नाही, अर्धवेळही नाही, आणि तिथं बसून पुढच्या विद्यापीठाच्या विद्यार्थी व्हिसावर उडीही मारता येत नाही. ‘तिथं गेल्यावर हात खर्चापुरतं काम मिळून जाईल’ असं एजंट म्हणाला असेल तर त्याच्याकडून उठा. काम करत शिकायचं असेल तर आयर्लंड बघा. तिथं 25 आठवड्यांच्या मान्य इंग्रजी कोर्सवर आठ महिने राहता येतं आणि कोर्स चालू असताना आठवड्याला 20 तास काम करता येतं. पण डब्लिनमध्ये राहण्याचा खर्च त्यातला बराच खाऊन टाकतो. माल्टा शेंगेन देश आहे, म्हणजे एकच सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांपैकी; अल्पमुदतीच्या व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच. इंग्रजी तिथली राजभाषा आहे, पण माल्टीजही आहे, आणि यजमान आपसात माल्टीज बोलतात. टेबलाच्या हिशोबात ते बसत नाही, म्हणून मी फारसं सुचवत नाही. कॅनडात सहा महिन्यांपर्यंतच्या कोर्सला स्टडी परमिट लागत नाही, न्यूझीलंडमध्ये तीन महिन्यांपर्यंत व्हिजिटर व्हिसावर शिकता येतं. नियम बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी त्या देशाचं सरकारी संकेतस्थळ स्वतः वाचा.

शाळेची मान्यता तपासणं पाच मिनिटांचं काम आहे. ब्रिटनसाठी ब्रिटिश कौन्सिलच्या मान्यताप्राप्त शाळांच्या यादीत नाव शोधा. या मान्यतेसोबत घरांचेही नियम येतात आणि ते आपल्या कामाचे आहेत: एका घरात एका वेळी चारपेक्षा जास्त विद्यार्थी ठेवायचे नाहीत, आणि एकच मातृभाषा असलेले दोन विद्यार्थी त्यांनी किंवा पालकांनी लेखी मागितल्याशिवाय एका घरात ठेवायचे नाहीत. ‘शाळेमार्फत मिळालेलं घर’ आणि ‘एजंटच्या ओळखीतलं घर’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याची तपासणी शाळा करते आणि तक्रार ऐकायला शाळेत राहण्याची व्यवस्था बघणारं माणूस असतं. दुसऱ्यात तक्रार एजंटच्या फोनवर जाते, आणि तो तेव्हा नेमका मीटिंगमध्ये असतो.

घराचं पत्रक कसं वाचायचं ते सांगतो, कारण पालक इथं घाईत असतात. शाळा निघण्याच्या काही आठवडे आधी यजमानांची माहिती पाठवते. समजा त्यात लिहिलंय: ‘निवृत्त स्त्री, एकटी, एक मांजर, आणखी दोन विद्यार्थी, शाळेपर्यंत बसने 40 मिनिटे, जेवण संध्याकाळी 6 वाजता, स्नानगृह सामायिक.’ आपले पालक ‘40 मिनिटे’ वाचून बिथरतात, कारण मानेवाड्याहून बर्डीला त्याहून कमी लागतं. तिथल्या मोठ्या शहरात 40 मिनिटं काहीच नाहीत. मी आधी ‘एकटी’ बघतो. एकट्या राहणाऱ्या बाईला बोलायला माणूस हवं असतं, टेबल जिवंत राहतं. मग ‘आणखी दोन विद्यार्थी’ बघतो आणि शाळेला त्यांची मातृभाषा विचारतो. दोघं एका भाषेचे निघाले तर ते एकमेकांत गुंततील आणि तुमची मुलगी बाजूला पडेल. मग सहाचं जेवण. शाळा पाचला सुटत असेल तर 40 मिनिटांच्या बसनं ती सहाला टेबलावर पोचेल का? एखादी बस चुकली की ताट झाकून ठेवलेलं मिळेल आणि ती एकटी मायक्रोवेव्हसमोर उभी राहील. दुपारच्या पाळीचा वर्ग असलेल्यांचं हे रोज होतं. म्हणून वर्ग शक्यतो सकाळचा मागा. सकाळच्या वर्गाला थोडे जास्त पैसे पडले तरी चालतील.

मांजराचं विसरू नका. ॲलर्जी असेल तर फॉर्ममध्ये लिहा, तिथं गेल्यावर सांगून उपयोग नाही.

पत्रकात यजमानांचं नाव नायजेरियन, पोलिश किंवा फिलिपिनो दिसलं की मला फोन येतो, ‘सर, आम्ही इंग्रजांच्या घराचे पैसे भरलेत.’ हा फोन मला मनापासून आवडत नाही. घरात आपसात इंग्रजी बोलतात का, एवढंच विचारा. बोलत असतील तर माणसं कुठल्या वंशाची याच्याशी तुमचा संबंध नाही, आणि लंडनमध्ये ते खरं लंडनच आहे. उलट मी नको म्हणतो तो दुसराच प्रकार. एजंट ‘भारतीय कुटुंब, शाकाहाराची हमी’ असं घर देतात. पोळी-भाजी उत्तम मिळते, आणि पहिल्याच संध्याकाळी ‘बेटा, कहाँ से हो?’ सुरू होतं. पुढचे 12 आठवडे हिंदीत छान जातात.

म्हणजे खाण्याचा प्रश्न खरा आहे, आणि तो फॉर्मवरच सुटतो. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहू नका. ब्रिटनमध्ये शाकाहारी माणूस अंडं खातो असंच धरतात, आणि काही घरांत मासेही त्यात खपतात. स्पष्ट लिहा: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, जिलेटीन नाही, दूध, दही, चीज चालतं. खास आहारासाठी काही शाळा आठवड्याला जादा शुल्क लावतात, ते आधी विचारा. मिळेल काय, तर सालासकट भाजलेला मोठा बटाटा, त्यावर चीज आणि टोमॅटोतले बीन्स, पास्ता, भाज्यांचं सूप आणि ब्रेड. तिखटाशिवाय. तिसऱ्या दिवशी पोरगी रडते, पाचव्या दिवशी तिखटाची बाटली विकत आणते, आणि गाडी रुळावर येते. तिची आई म्हणेल की स्वयंपाक स्वतः करायचं घर घ्या. जैन असाल, कांदा-बटाटाही चालत नसेल तर तेच करावं लागेल. बाकीच्यांनी ते घेऊ नये. ज्या घरात ती आठ वाजता एकटी खिचडी लावते त्या घराचं भाडं भरण्यात अर्थ नाही, तेवढ्यात हॉस्टेल बरं.

आपल्या मुलांचं टेबलावर नेमकं कुठं बिनसतं, ते उमरेडच्या एका विद्यार्थ्यानं मला सांगितलं होतं. पहिल्याच रात्री यजमानीणीनं बटाट्याचं भांडं पुढं करून विचारलं, आणखी घेणार का? पोटात कावळे ओरडत होते, पण आपल्या वळणानं तो म्हणाला, ‘नो, थँक यू.’ आपल्याकडे पहिला नकार हा शिष्टाचार असतो. समोरची काकू ‘अरे घे रे, लाजतो काय’ म्हणत वाढतेच. या बाईनं भांडं उचललं, झाकण लावलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं. रात्री खोलीत बसून त्यानं घरून आणलेला चिवडा खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशीही तेच झालं. चौथ्या दिवशी यजमानीणीनंच शाळेला कळवलं की मुलगा फार कमी खातो, आजारी आहे का बघा. तिथं आग्रह नसतो. हो म्हटलं की मिळतं, नाही म्हटलं की विषय संपतो. मुलीला हे इथंच शिकवा, आठवडाभर घरीच तालीम करा. आई विचारेल, ती पहिल्या फटक्यात ‘येस, प्लीज’ म्हणेल.

मागण्याचंही तसंच. आपण घरात ‘मीठ दे गं’ म्हणतो आणि त्यात प्रेमच असतं. ‘गिव्ह मी सॉल्ट’ तिथं हुकमासारखं लागतं. ‘कुड यू पास द सॉल्ट, प्लीज?’ एवढं तोंडात बसलं पाहिजे. मुली उद्धट नसतात, पण यजमानांच्या अभिप्रायात ‘जरा फटकळ’ असं येतं, आणि मग टेबलावरचं बोलणं आटतं.

बोलायचं काय, हाही प्रश्नच. ‘हाऊ वॉज युवर डे?’ ला ‘गुड’ म्हणून मुलं जेवायला लागतात. मी मुलांना सांगतो की शाळेतून येताना बसमध्ये दोन गोष्टी ठरवून या: आज पाहिलेली एक विचित्र गोष्ट आणि यजमानांना विचारायचा एक प्रश्न. लोक बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक यू का म्हणतात? पाऊस नसताना छत्री का नेता? असे साधे प्रश्न यजमानांना भारी आवडतात, पंधरा मिनिटं आरामात निघतात. जेवणानंतर ताट उचलून स्वयंपाकघरात जायचं आणि पुसायला फडकं हातात घ्यायचं. भांडी पुसताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, लाजाळू मुली तिथंच जास्त बोलतात. खोलीचं दार लावून मोबाईल घेतला की दिवस संपला.

मोबाईलवरून तुमच्यासाठी एक गोष्ट. उन्हाळ्यात आपण ब्रिटनच्या साडेचार तास पुढं असतो, हिवाळ्यात साडेपाच. तुमचं जेवण आटोपून तुम्ही रात्री नऊला फोन कराल तेव्हा तिथं दुपारचे साडेतीन-साडेचार वाजलेले असतील, ती शाळेतून परतत असेल. बोलायला ती वेळ चांगली. साडेदहा-अकरानंतर व्हिडिओ कॉल करू नका, तिची टेबलाची वेळ तीच. आजीला नातीचं ताट बघायचं असलं तरी.

घरातल्या बारीकसारीक गोष्टींनी उगाच ताण येतो, म्हणून सांगून ठेवतो. बाथरूमच्या फरशीला बहुधा पाणी जायला जाळी नसते; अंघोळ टबात किंवा शॉवरच्या काचेआड, आणि फरशी कोरडी. बादली-मग नसतो. काही घरांत गरम पाणी टाकीपुरतंच असतं. वीस मिनिटं शॉवर घेतला तर पुढच्याला गार पाणी. हीटिंग ठराविक वेळेलाच चालतं, आणि 45 अंशांत वाढलेल्या आपल्या मुलीला 18-19 अंशांचं घर म्हणजे गारठा. पातळ थर्मल दोन जोड द्या. प्लगचे खाचे वेगळे असतात, ॲडॉप्टर इथूनच घ्या. फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतो, म्हणून कधी यजमानांना खाऊ घालायचंच झालं तर सावजी नको, पोहे करा. तर्री सोडून.

भेट म्हणून संत्रा बर्फी पाठवायचा मोह आवरा. तिच्यात खवा असतो, आणि भारतातून ब्रिटनमध्ये किंवा युरोपीय संघात जाताना दुधाचे पदार्थ सामानात नेता येत नाहीत. विमानतळावर काढून घेतात. त्यापेक्षा भंडाऱ्याच्या कोशाचा एखादा स्टोल द्या. हलका, आपल्या भागातला, आणि सांगायला गोष्टही मिळते.

सुरक्षेबद्दल. मुलगी सज्ञान आहे, त्यामुळे तिच्यावर घराची सक्ती कमी असते. यायची वेळ सांगणं आणि उशीर होणार असेल तर कळवणं एवढी अपेक्षा. शाळेचा चोवीस तास चालणारा आपत्कालीन क्रमांक तिच्याजवळ कागदावर लिहिलेला असू द्या, फोन बंद पडला तरी दिसेल असा. पहिल्याच आठवड्यात काही खटकलं, मग ते कुलूप असो, कुणाचं वागणं असो की उपाशी राहणं असो, तिनं शाळेत जाऊन सांगायचं. घर बदलून मिळतं, त्यात अपमान नाही. आपल्या मुली ‘बाबांनी एवढे पैसे भरलेत’ म्हणून सोसतात. निघण्यापूर्वी तुम्ही तिला स्वतःच्या तोंडानं सांगा की घर बदललं तर मी रागावणार नाही. तुमच्या ओळखीतलं कुणी दहावीच्या मुलाला पाठवत असेल तर त्यांच्यासाठी वेगळं: इंग्लंडमध्ये 16 वर्षांखालचं मूल नातलग नसलेल्या घरात 28 दिवस किंवा जास्त राहणार असेल तर स्थानिक प्रशासनाला कळवावं लागतं. शाळा हे बोलली नाही तर शाळा बदला.

खर्चाचा अंदाज मागताना फक्त कोर्स आणि राहणं विचारू नका. घर शोधून देण्याचं शुल्क, खास आहाराचं जादा शुल्क, जुलै-ऑगस्टमधला वाढीव दर, विमानतळावरून घरापर्यंतची गाडी, बसचा पास, दुपारचं जेवण. नाश्ता आणि रात्रीचं जेवण घरी, दुपारचं मात्र स्वतःच्या खिशातून, हे बहुतेकांना तिथं गेल्यावर कळतं. जुलै-ऑगस्टमध्ये शाळा युरोपातल्या किशोरवयीन मुलांनी भरलेल्या असतात. 22 वर्षांच्या मुलीला सप्टेंबर-ऑक्टोबर जास्त मानवतो आणि स्वस्तही पडतो.

राहिला मैत्रिणीचा प्रश्न. आईची काळजी समजते. एकाच विमानानं जाऊ द्या, शाळाही एक असू द्या, हवं तर वर्गही. घर मात्र वेगळं, चालत किंवा बसनं गाठता येईल असं. एजंट कदाचित ‘दोघींना एकच खोली, भाडं कमी’ असा फॉर्म पुढं करेल. एकाच मातृभाषेच्या दोघींना एका घरात ठेवायला शाळेला जी लेखी विनंती लागते, ती हीच. त्यावर सही करू नका.